वाट निवडावी परतीच्या सोयीने

आईबाबांना आणि सासूबाईंना घेऊन स्वित्झर्लंडला निघालीस, हे ऐकून फार बरं वाटलं. इंटरलाकेनजवळ एकाच गावात आठवडाभर मुक्काम ठेवलास आणि रोज बॅगा भरायची धावाधाव टाळलीस, हे तर उत्तमच केलंस. आता डोंगरात चालायच्या वाटा कोणत्या निवडू, असं विचारलंस, तर सांगते. यातलं काही मी चालून शिकले, काही माझ्याहून वडील असलेल्या चालणाऱ्यांनी मला सांगितलं. तुझं काम झालं की तूही पुढे कुणाला तरी सांग.

सार आधी सांगून टाकते. तरुणांसाठी वाट निवडताना तिथून काय दिसतं ते पाहायचं. ज्येष्ठांसाठी निवडताना ती मध्येच सोडता येते का, हे आधी पाहायचं. आपली वडीलधारी माणसं ‘मला जमत नाही’ असं तोंडाने म्हणत नाहीत. लेकीने एवढा खर्च केलाय, नातवंडांचा विरस होईल, जावयाला काय वाटेल, या विचाराने ती पाय ओढत चालत राहतात आणि रात्री गुपचूप गुडघ्याला मलम चोळतात. म्हणून वाटच अशी हवी की त्यांना तसं म्हणायची वेळ येऊ नये. मध्ये स्टेशन असावं किंवा बसचा थांबा असावा, बसायला बाक असावेत, आणि एकजण थांबला म्हणून बाकीच्यांचा दिवस मोडू नये.

चढायचं काम यंत्रावर सोपव

आपल्या सह्याद्रीत गड म्हटला की पायथ्यापासून चढणं आलंच. आल्प्समध्ये तसं नाही. तिथे डोंगरी रेल्वेगाड्या सव्वाशेहून अधिक वर्षांपासून माणसांना वर नेतायत, आणि आता केबल कार आणि गोंडोलाही आहेत. म्युरेनची डोंगरी रेल्वे १८९१ची, क्लाइने शाइडेगवरून जाणारी वेंगर्नआल्प रेल्वे १८९३ची. तेव्हा उंची यंत्राने गाठायची आणि पायांनी फक्त सपाटीवर किंवा हलक्या उतारावर चालायचं. ‘थोडं तरी चढलो पाहिजे’ असा हट्ट घरातली पुरुषमंडळी धरतात. त्यांना प्रेमाने गाडीत बसव.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेव. गोंडोलाच्या लहान डब्या स्टेशनात पूर्ण थांबत नाहीत, हळूहळू सरकत राहतात आणि चालत्या डबीत पाऊल टाकावं लागतं. ज्यांचा तोल थोडा जातो त्यांच्या छातीत तिथेच धस्स होतं. फाटकाजवळच्या कर्मचाऱ्याला आधीच हात करून, काठी दाखवून सांग. ते वेग कमी करतात, गरज पडली तर थांबवतातही. मोठ्या केबल कारची डबी मात्र स्टेशनात उभी असते, तिच्यात चढणं सोपं. पुढे मेन्लिखेनची वाट सांगणार आहे, तिथे ग्रिंडेलवाल्डकडून गोंडोला जातो आणि वेंगेनकडून मोठी केबल कार. सासूबाई बरोबर असतील तेव्हा वेंगेनकडून जा.

पिवळी पाटी वाचायला शिक

स्वित्झर्लंडमध्ये चालायच्या वाटांचं पासष्ट हजार किलोमीटरहून मोठं जाळं आहे आणि सगळीकडे पाट्यांची एकच पद्धत आहे. ही पद्धत कळली की अर्धं काम झालं.

नुसती पिवळी पाटी असेल तर साधी वाट. ती रुंद असते, विशेष कौशल्य लागत नाही, पायात चांगले बूट असले की पुरे. पिवळ्याच पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट. तिथे दगड, मुळं, अरुंद भाग, बाजूला खोल उतार असू शकतो आणि पाऊल पक्कं लागतं. निळ्या पाटीवर पांढरा-निळा-पांढरा पट्टा असेल तर ती गिर्यारोहकांची वाट, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तुझ्या मंडळींसाठी नियम एकच: टोकापर्यंत पिवळी असेल तीच वाट आपली. जिथे लाल पट्टा दिसेल तिथून मागे फिरायचं, ‘थोडंच तर आहे’ म्हणायचं नाही.

पाटीवर बहुतेक वेळा अंतर नसतं, वेळ असते. ही वेळ सपाटीवर ताशी सुमारे ४.२ किलोमीटर चालणाऱ्या निरोगी माणसाची आहे आणि तीत एका मिनिटाचीही विश्रांती धरलेली नाही. आपण ती दीडपट करायची आणि वर बसण्याचा वेळ वेगळा मिळवायचा. पाटी एक तास वीस मिनिटं म्हणत असेल तर दोन तास चालण्याचे आणि किमान अर्धा तास चहा, फोटो, बाक यांचा. अडीच तास हाताशी असतील तरच निघायचं. खांबावरच्या पांढऱ्या पट्टीवर त्या जागेचं नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. निघायच्या आणि पोचायच्या जागेच्या उंचीची वजाबाकी केलीस की किमान किती चढउतार आहे ते तुला आधीच कळेल. ज्येष्ठांसाठी एका दिवसात शंभर-दीडशे मीटरपेक्षा जास्त चढ मी घेणार नाही.

उताराला कमी लेखू नकोस

चढताना धाप लागते, म्हणून सगळे चढाला घाबरतात. धाप पाच मिनिटं बसलं की उतरते. गुडघ्यांचं दुखणं मात्र उतारावर सुरू होतं आणि चार दिवस टिकतं. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या स्नायूंनी पेलायचा असतो, आणि वयाबरोबर नेमके तेच स्नायू आधी सैल पडतात. म्हणून ‘सगळी वाट उताराची आहे, सोप्पी आहे’ असं कुणी सांगितलं तर विचार की किती मीटर उतार आणि किती अंतरात. चार-साडेचार किलोमीटरमध्ये दीडशे-पावणेदोनशे मीटर उतरणं सुखाचं असतं. तेवढ्याच अंतरात पाचशे मीटर उतरायचे असतील तर ते काम गाडीला करू दे.

दोन काठ्या घे, एक नको. उभं राहून मूठ धरली की कोपर काटकोनात आलं पाहिजे, एवढी लांबी ठेवायची. उतारावर ती थोडी वाढवायची. आईला काठी धरायला संकोच वाटेल, काठी म्हणजे म्हातारपण असं तिच्या मनात असतं. तिथे पंचविशीतले तरुणही दोन काठ्या घेऊन चालताना दिसतील, ते तिला दाखव. विमानात काठ्या हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाक. बुटांच्या बाबतीत, उतारावर बोटं पुढे सरकतात, म्हणून अंगठ्यापुढे थोडी जागा हवी. आणि बूट नवे कोरे नेऊ नकोस, महिनाभर घरी वापरून नरम झालेलेच ने.

सुरुवात करायची ती म्युरेनच्या वाटेने

आता नावं सांगते. पहिल्या दिवशी ग्रुचआल्प ते म्युरेन. लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरून केबल कार ग्रुचआल्पला १,४८६ मीटरवर नेते. तिथून म्युरेनपर्यंत चार-साडेचार किलोमीटरची वाट आहे आणि पूर्ण वाटेचा चढ जेमतेम दीडशे मीटर. तिची खरी किंमत वेगळीच आहे: वाटेच्या सोबतीने छोटी रेल्वे धावते आणि मध्यावर विंटरएग नावाचं स्टेशन आहे.

हे नीट समजून घे. ग्रुचआल्पला उतरल्यावर ज्याला चालायचं नाही तो तसाच गाडीने म्युरेनला जाऊ शकतो. ज्याला अर्धं चालायचंय तो विंटरएगपर्यंत चालतो, तिथल्या उपाहारगृहात कॉफी घेतो आणि पुढची गाडी पकडतो. ज्याला फक्त शेवटचा टप्पा चालायचाय तो विंटरएगला गाडीतून उतरतो. सगळे भेटतात म्युरेनला. कुणी कुणासाठी खोळंबत नाही, कुणाला अपराधी वाटत नाही. आणि समोर दरीपलीकडे आयगर, म्यॉन्ख आणि युंगफ्राऊ हे तिन्ही डोंगर सगळ्यांना सारखेच दिसतात.

चालायची दिशा म्युरेनकडेच ठेव, म्हणजे हिमशिखरं डावीकडे आणि पुढ्यात राहतात, मान मागे वळवावी लागत नाही. वाट कधी झाडीतून जाते, कधी कुरणातून. लहान ओढे आडवे येतात, त्यांवर साकव आहेत. कुरणात तारेचं कुंपण वाटेवर आलं तर त्याला प्लास्टिकची मूठ असलेला आकडा असतो. मूठ धरून काढायचा, पलीकडे जायचं आणि परत अडकवायचा. तारेला हात लावायचा नाही, तिच्यात वीज खेळवलेली असते. गाई गळ्यात मोठ्या घंटा बांधून निवांत चरत असतात. आपल्याकडे गाय दिसली की आई हात लावून नमस्कार करणार, वासराला कुरवाळणार. तिथे वासरू असलेल्या गाईपासून लांबच राहायचं. ती अंगावर येऊ शकते. नमस्कार दुरूनच कर म्हणावं.

म्युरेन गावात मोटारी नाहीत. तिथून अजून उत्साह असेल तर आल्मेंडहुबेलची छोटी रेल्वे १,९०७ मीटरवर नेते. वर रानफुलांची एक छोटी फेरी आहे, वीस-पंचवीस मिनिटांची. जून-जुलैत ती बहरलेली असते.

पाय सरावले की मेन्लिखेन

मेन्लिखेन ते क्लाइने शाइडेग ही त्या भागातली सगळ्यात नावाजलेली सोपी वाट, आणि तो लौकिक खरंच सार्थ आहे. केबल कारने २,२०० मीटरच्या वर जायचं आणि तिथून साडेचार किलोमीटर हलक्या उताराने २,०६१ मीटरवरच्या क्लाइने शाइडेगला यायचं. वाट रुंद आहे, दोघं शेजारी चालू शकतात, आणि प्रत्येक वळणावर आयगरची उत्तरेकडची काळी भिंत मोठी होत जाते. शेवटी थेट रेल्वे स्टेशनच येतं. एका बाजूला वेंगेन आणि लाउटरब्रुनेनची गाडी, दुसऱ्या बाजूला ग्रिंडेलवाल्डची.

पण ही वाट पहिल्या दिवशी नको, कारण मध्ये कुठेही सोडता येत नाही. निघालं की दोन टोकांपैकी एक गाठावंच लागतं. म्हणून म्युरेनच्या वाटेवर ज्यांनी पूर्ण अंतर आनंदाने पार केलं त्यांनाच इथे घेऊन जा. बाकीच्यांनी केबल कारने वर यावं, मेन्लिखेनच्या सपाटीवर बसून डोंगर बघावेत आणि तसंच खाली जावं. निघाल्यावर पाऊण तासाच्या आत कुणी थकलं तर मागे फिरण्यापेक्षा बाकावर बसून विश्रांती घेऊन पुढे जाणं बरं, कारण मागे फिरलं की चढ लागतो. झाडं नाहीत, सावली नाही. टोपी, गॉगल आणि अंगावर एक वाऱ्याचं जाकीट हवंच.

पाऊस असेल तर दरीत

ढग खाली उतरले की वर जाण्यात अर्थ नाही, पैसे खर्चून धुकं बघायचं. अशा दिवशी लाउटरब्रुनेनच्या दरीत चाला. गावातून श्टेखेलबेर्गच्या दिशेने नदीकाठाने जवळपास सपाट, बहुतेक ठिकाणी डांबरी वाट जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारं पाणी. श्टाउबबाखचा धबधबा एकटाच तीनशे मीटरच्या आसपास उंचीचा आहे, आणि पाऊस पडून गेला की सगळेच धबधबे भरून वाहतात. दरीतल्या रस्त्याने पिवळी पोस्टबस धावते, त्यामुळे कुठल्याही थांब्यावर चालणं संपवता येतं.

वाटेत ट्रुमेलबाख लागतो. आयगर, म्यॉन्ख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं पाणी तिथे डोंगराच्या पोटातून गर्जत खाली येतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. डोंगराच्या आत वर जायला लिफ्ट आहे, म्हणून लोक समजतात की पायऱ्या नसतील. लिफ्टनंतर ओल्या दगडी पायऱ्या भरपूर आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालूनच पाहून बसमध्ये बसावं.

फसव्या वाटा ओळख

काही जागा फोटोत इतक्या सुंदर दिसतात की वाटेची चौकशी राहून जाते. कांडरश्टेगजवळचं ओशिनेन सरोवर त्यातलं एक. गोंडोला वर नेतो आणि तिथून सरोवरापर्यंत वीस-पंचवीस मिनिटांचा उतार. जाताना सगळे हसत जातात. पण गोंडोला पकडायला तोच उतार परत चढायचा असतो, तोही जेवण झाल्यावर, दुपारच्या उन्हात. जाताना उतार आणि येताना चढ अशी वाट ज्येष्ठांसाठी उलटी असते. ओशिनेनला विजेवरच्या छोट्या गाडीची सोय असते. जायच्या आधी तिची खात्री कर, मगच ने.

दुसरं बाखआल्प सरोवर. ग्रिंडेलवाल्डहून गोंडोलाने फर्स्टला, २,१६६ मीटरवर, आणि तिथून तीन किलोमीटर चालून २,२६५ मीटरवर सरोवर. वाट रुंद आणि चांगली, पण शंभर मीटरहून थोडा अधिक चढ आहे, सरोवरापाशी चहापाण्याची सोय नाही आणि त्याच वाटेने परत यायचं. बाबांसारख्या रोज टेकडी चढणाऱ्याला जमेल, सासूबाईंना नको. त्यांना त्या दिवशी शिनिगे प्लाटेला घेऊन जा. १८९३ची दातेरी रेल्वे विल्डर्सविलहून निवांत वर नेते आणि वर स्टेशनलगतच १९२९ पासून उघडी असलेली आल्पाइन वनस्पतींची बाग आहे. फुलझाडांची आवड असलेली बाई तिथे दोन तास सहज रमते.

मे महिन्याचा मोह

हे मात्र ठासून सांगते. आपल्याकडे मुलांच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून निम्मा महाराष्ट्र युरोपला मेमध्येच जातो. त्यावेळी दोन हजार मीटरवरच्या बहुतेक वाटा अजून बर्फाखाली असतात. मेन्लिखेनच्या वाटेवर सावलीच्या जागी जूनच्या सुरुवातीलाही बर्फाचे पट्टे असू शकतात, आणि उतारावरच्या कडक बर्फावर घसरणं हा खेळ नव्हे. शिवाय हिवाळी हंगाम संपल्यावर कित्येक केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात. चालायचंच असेल तर जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ धर. सप्टेंबर तर फारच छान, गर्दी ओसरलेली आणि हवा स्वच्छ.

मेशिवाय जमणारच नसेल तर उंचावरच्या वाटांचा नाद सोड. लाउटरब्रुनेनची दरी आहेच. ब्रिएन्झ सरोवराच्या काठाने इझेल्टवाल्ड ते गीसबाख ही झाडीतून जाणारी वाट आहे. तिला थोडे चढउतार आहेत, पण दोन्ही टोकांना बोटीचा धक्का आहे. गीसबाखला धक्क्यापासून वर धबधब्यापाशी नेणारी १८७९ची छोटी रेल्वेही आहे. जायच्या आदल्या संध्याकाळी त्या वाटेची, बोटीची, गाडीची वेळ आणि ती सुरू आहे की नाही, एवढं पाहूनच झोपायचं.

सकाळ आपली, दुपार डोंगराची

उन्हाळ्यात आल्प्समध्ये सकाळ निरभ्र असते, दुपारी ढग जमतात आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाट होऊ शकतो. म्हणून न्याहारी लवकर उरकून नऊपर्यंत वर पोचायचं आणि दोनच्या आत चालणं संपवायचं. वरच्या स्टेशनांवर कॅमेरे लावलेले असतात आणि त्यांचं चित्र मोबाईलवर दिसतं. खाली ढग असले तरी वर ऊन असू शकतं, उलटही असू शकतं. तिकीट काढायच्या आधी ते चित्र पाहा. परतीची शेवटची केबल कार किती वाजता, हे पाटीवरून टिपून घे. ती चुकली तर डोंगर पायी उतरावा लागेल, आणि तो प्रसंग तुझ्या मंडळींवर यायला नको.

हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. इंटरलाकेनला वीस अंश असताना मेन्लिखेनला दहाच असतील. एक जाड स्वेटर देण्यापेक्षा तीन पातळ कपडे दे, म्हणजे चढताना काढता येतात आणि बसल्यावर घालता येतात.

पाणी, शौचालय आणि गोळ्या

हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. आपल्या बायका बाहेर पडताना शौचालयाच्या धास्तीने पाणीच पीत नाहीत. उंचावर कोरड्या हवेत चालताना असं केलं की डोकं दुखतं, चक्कर येते, पायांत गोळे येतात. उपाय पाणी तोडणं नव्हे, वाटच तशी निवडणं. केबल कारच्या स्टेशनांवर, रेल्वे स्टेशनांवर आणि डोंगरावरच्या उपाहारगृहांत स्वच्छ शौचालयं असतात. दोन शौचालयांमधलं चालणं तासा-सव्वातासापेक्षा जास्त नको, असा हिशेब ठेव. आणि ही जागा कुठे आहे हे आईला निघतानाच सांग, म्हणजे ती निर्धास्त पाणी पिईल. गावातल्या दगडी हौदांतलं वाहतं पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं असतं. ‘काइन ट्रिंकवासर’ असं लिहिलं असेल तिथलं मात्र प्यायचं नाही.

बाबांची सकाळची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का, ती चालण्याच्या दिवशी कधी घ्यायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचार. मधुमेह असेल तर चालल्याने साखर उतरते, म्हणून खिशात साखरेच्या पुड्या आणि बिस्किटं हवीत, बॅगेच्या तळाशी नकोत. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून लिहूनच घे. सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेव, आणि त्यांची कंपनीची नावं नव्हे तर औषधाची मूळ नावं कागदावर लिहून ठेव. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून फळं, ब्रेड, बिस्किटं शनिवारीच आण.

व्हिसासाठी विमा काढावाच लागतो, पण तो काढताना दोन गोष्टी वाचून घे: आधीपासूनच्या आजारांना तो लागू आहे का, आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने आणावं लागलं तर तो खर्च त्यात येतो का. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि हवाई बचावासाठी १४१४ हे आकडे सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आजच भरून ठेव.

युंगफ्राऊयोखच्या दिवशी चालायचं नाही

३,४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनवर जायचा आग्रह सगळे धरतील. जरूर जा, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, अंग हवेला सरावल्यावर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला प्राणवायूही दोन तृतीयांशच मिळतो. गाडीतून उतरल्यावर सगळे धावत सुटतात, तुम्ही दहा मिनिटं बसा. जिना असेल तिथे लिफ्ट घ्या. तिथल्या बर्फाच्या गुहेत कठड्याला धरून चाला. डोकं जड झालं, मळमळलं तर पुढची गाडी धरून खाली या, खाली आलं की बरं वाटतं. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असणाऱ्यांनी जाण्यापूर्वी डॉक्टरांचं मत घेतलंच पाहिजे. आणि त्या दिवशी दुसरी कुठलीही वाट ठेवू नकोस.

दमल्याच्या खुणा

तुझी आई म्हणजे माझी ताई, आणि ती दमली हे मला तिच्या बोलण्यावरून कधीच कळलेलं नाही. कळतं ते असं: ती एकाएकी फुलांचे फोटो काढू लागते. बुटाची नाडी परत बांधते. ‘तुम्ही व्हा पुढे, मी बघत बघत येते’ म्हणते. आणि गप्पा मारता मारता अचानक गप्प होते. यातली एक खूण दिसली की तू म्हणायचं, ‘मला जरा बसायचंय.’ तिला विचारायचं नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक आहे. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झालाय.

सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेव. मागे ठेवलं की पुढचे वाट बघत थांबतात, आणि तो दमून पोचला रे पोचला की लगेच ‘चला’ म्हणून उठतात. तरुणांना विश्रांती मिळते, ज्याला हवी असते त्याला मिळत नाही. हळू माणूस पुढे असला की सगळे त्याच्या पावलाने चालतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बाक शोधायचा, थकवा येण्याआधी बसायचं. तिथली म्हातारी जोडपी बघ, हातात हात घालून चार पावलं चालतात, बाकावर बसतात, सफरचंद कापून खातात, परत उठतात. शिखरं कुठे पळून जात नाहीत हे त्यांना ठाऊक असतं.

तयारी घरूनच

जायच्या दोन महिने आधीपासून रोज चालणं सुरू करा. नुसतं बागेतल्या सपाट ट्रॅकवर नव्हे, चढउतारावर. पुण्यात आहात तर आठवड्यातून दोनदा पर्वतीच्या पायऱ्या, सावकाश, कठड्याला धरून. उतरतानाच जास्त लक्ष द्यायचं, कारण तिथे तेच कामाला येईल. काठ्या आणि बूट घेऊनच जा, म्हणजे हात आणि पाय दोन्ही सरावतील. आई रोज किती वेळ न थांबता चालते हे घड्याळ लावून पाहा. ती चाळीस मिनिटं चालत असेल तर आल्प्समध्ये एका दमात तीस मिनिटांचीच वाट निवड. सुट्टीत माणसाने आपल्या ताकदीच्या थोडं आत राहावं.

आणि पहिल्या दिवशी ग्रुचआल्पला पोचलीस की सगळ्यांना आधीच सांग: आपण विंटरएगपर्यंत चालणार आहोत, पुढचं तिथे ठरवू. विंटरएगला कॉफी पिऊन झाली की त्यांनाच विचार, चालायचं की गाडीने जायचं. जे म्हणतील ते लगेच मान्य कर, समजूत घालत बसू नकोस. इथे थांबायची मुभा आहे हे एकदा त्यांना पटलं की ती माणसं उरलेला आठवडा आपण होऊन चालतील.